मिचिनाचं विमान

हाउन्सलो
१७ जानेवारी २००५

प्रिय दादा,

संक्रांतीला फोन केला होता. तुझ्या नव्या हिअरिंग एडची शिट्टी तेवढी ऐकू आली, बाकी काही नाही. तू "कोण, कोण" करत राहिलास आणि मी "सुमन, सुमन" ओरडत राहिले. शेवटी शेजारची बाई काय झालं म्हणून बघायला आली. तेव्हा आता पत्रच. आपल्या दोघांना तेच बरं.

वहिनी कशी आहे? स्ट्रोकला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. उजवा हात थोडा हलायला लागला असं तू नाताळच्या कार्डात लिहिलं होतंस. केअरर वेळेवर येतात ना? तिला एकट्यानं उचलत जाऊ नकोस. तूही आता सत्त्याहत्तरीला आलास.

माझं बरं आहे. गुडघे बोलतात. रश्मी दर रविवारी वॉटफर्डहून फोन करते आणि तिकडे राहायला ये म्हणते. उदय गेल्यापासून हे घर मोठं झालंय हे खरं, पण कपाटं आवरायची म्हटलं की मी खुर्चीतच बसून राहते. डोक्यावरून दर दीड मिनिटाला विमान जातं. पस्तीस वर्षं झाली, आता ते ऐकूसुद्धा येत नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. तनिषा, रश्मीची मुलगी, इथल्या लायब्ररीत कामाला लागली हे तुला माहीत आहे. युद्ध संपून यंदा साठ वर्षं होतात म्हणून त्यांनी लोकांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या आहेत. मे महिन्यात भिंतीवर लावणार, पुस्तिका काढणार. सगळे इंग्रज म्हातारे लंडनवर पडलेल्या बॉम्बचं सांगतात म्हणे. ती मला म्हणाली, "आजी, तू पण होतीस ना युद्धात? तुझा गोष्ट सांग." गोष्ट तुझी असते, तुझा नसते, हे सांगण्यात मी पाच मिनिटं घालवली, पण तिनं काही सोडलं नाही.

मग लिहायला बसले आणि लक्षात आलं की मला धड काहीच माहीत नाही. मंडालेवर बॉम्ब पडले, नाना रेल्वे हॉस्पिटलात औषधं देत उभे होते, तिथेच गेले. आई आपल्याला घेऊन आगगाडीनं वर मिचिनाला आली. तिथून मला विमानानं आसामात पाठवलं. तू आणि आई चालत निघालात आणि आई वाटेत तापानं गेली. संपलं. अर्धं पानही भरलं नाही.

तारीख कोणती होती? विमान कसलं होतं? आपल्याबरोबर कोण कोण होतं? मी सात वर्षांची होते, तू चौदाचा. तुला आठवत असणार. घाई नाही, जमेल तसं लिही.

तुझी,
सुमन


मँचेस्टर
२ फेब्रुवारी २००५

चि. सुमन,

पत्र मिळालं. मंजिरी आहे तशीच आहे. हात हलतो, पण तिला हवा तेव्हा नाही. केअरर दर पंधरवड्याला नवीन येते आणि प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. टॉवेल कुठे, गोळ्या कुठल्या, चहात साखर किती. चाळीस वर्षं वॉर्डात लोकांना सूचना दिल्या, तेव्हा इतका दमलो नव्हतो.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

मंडालेवरचा हल्ला ३ एप्रिल १९४२. मिचिनाचं विमान मंगळवार, ५ मे १९४२, सकाळी दहाच्या सुमारास. डकोटा, दोन एंजिनांचं, लष्करी. येताना सैन्याचं सामान घेऊन यायचं आणि परत जाताना बायका, मुलं आणि जखमी न्यायचं. पुरुषांना आणि बारा वर्षांवरच्या मुलांना त्यात घेत नसत. श्यामलाकाकू, म्हणजे नानांबरोबर काम करणाऱ्या देशपांड्यांची बायको, आधीच चढली होती. आत एकच जागा उरली होती. आईनं तुला काकूच्या हवाली केलं. दुसऱ्या दिवशी जपानी विमानांनी त्याच मैदानावर गोळीबार केला आणि तिथली विमानं बंद झाली. मग आम्ही चालत निघालो.

तनिषाला एवढं पुरे आहे. लायब्ररीच्या भिंतीसाठी याहून जास्त लागत नाही.

गुडघ्यांना शेक घे. जिने कमी कर. वॉटफर्डला जायचं असेल तर अंगात थोडी ताकद आहे तोवर जा.

शशिधर


हाउन्सलो
११ फेब्रुवारी २००५

प्रिय दादा,

तारखा कळल्या, बरं झालं. पण एक सांगू का? तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एका वाक्यापाशी अडखळले. आत एकच जागा उरली होती, हे वाक्य. लहानपणी मामाच्या घरीही तू हेच सांगायचास आणि मी मान डोलवायची.

दादा, आई माझ्याबरोबर विमानात चढली होती.

हे मी आजवर कुणाला बोलले नाही, उदयलासुद्धा नाही. मला वाटायचं, स्वप्नच पडलं असेल. पण स्वप्न म्हणावं तर ते इतकं साधं आहे. आई माझ्या डाव्या बाजूला बसली होती. तिच्या मांडीवर फडक्याचं बोचकं होतं. पलीकडे श्यामलाकाकू तोंडाला पदर लावून बसली होती. आत डिझेलसारखा वास होता आणि फार उकडत होतं.

आणि मी पाणी मागितलं. सारखं मागत होते. आई, पाणी, आई, पाणी. मग आई उठली आणि दाराकडे गेली. नंतर दार लागलं. काकूनं मला जवळ ओढलं आणि आसामात उतरल्यावर ती एवढंच म्हणत राहिली की आई मागच्या विमानानं येईल.

म्हणजे मी पाणी मागितलं नसतं तर ती उतरली नसती. हे मला कधी कळलं ते सांगता येत नाही. सातव्या वर्षी नव्हतं कळलं. रश्मी झाली, ती दोन वर्षांची असताना एकदा पाणी, पाणी करत मागे लागली होती. तेव्हा मी ओट्याशी उभी होते आणि हातातला पेला तसाच राहिला. त्या दिवसापासून असेल. पंचेचाळीस वर्षं होत आली.

तुझी एका जागेची गोष्ट मी यासाठीच धरून राहिले. तू सांगतोस ते खरं असेल तर आई चढलीच नव्हती, आणि मग मी काही केलेलंच नाही. पण आता सत्तर वर्षांची झाले. खरं काय ते ऐकायला हरकत नाही. मला चालेल.

सुमन


मँचेस्टर
२१ मार्च २००५

सुमन,

तू सात वर्षांची होतीस. सात वर्षांच्या मुलाची आठवण ही आठवण नसते. मी डॉक्टर म्हणून सांगतो आहे. हा विषय बंद कर.

मंजिरीला छातीचं इन्फेक्शन झालं आहे. मला वेळ नाही.

शशिधर


हाउन्सलो
३ एप्रिल २००५

प्रिय दादा,

तुझं कार्ड आलं. त्यानंतर मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा केअररनं घेतला. वहिनी हॉस्पिटलातून घरी आली आणि तू स्वयंपाकघरात बसून असतोस, एवढं तिच्याकडून कळलं. चांगली मुलगी वाटली. मी तुझी बहीण म्हटल्यावर म्हणाली, त्यांना कुणी बहीण आहे हे ते बोलले नाहीत. बोलला नसशील. तू बोलतोस कुठे?

तनिषाला मी नाही म्हणून सांगितलं. तिला वाईट वाटलं, पण समजूतदार आहे. तिनं ती जागा दुसऱ्या कुणाला दिली. तेव्हा तो विषय बंद झाला, तुझ्या मनासारखा.

तुला दुखावायचं नव्हतं. मला वाटलं होतं की आपण दोघंच उरलो, आता काय लपवायचं. तुझ्या कार्डावरून एवढं मात्र मला कळलं की ते स्वप्न नव्हतं. खोटं असतं तर तू हसून सोडून दिलं असतंस. तेव्हा पाण्याचं ते खरंच आहे, असं मी धरून चालते. इतकी वर्षं नुसता संशय होता. आता निदान ठरलं. ठरल्यानं फार काही वेगळं वाटत नाही, फक्त थकवा येतो.

आज नानांचा दिवस. शिरा केला, थोडाच.

वहिनीला जप. तूही जेवत जा.

सुमन


मँचेस्टर
५ मे २००५

चि. सुमन,

तुझं तीन एप्रिलचं पत्र महिनाभर टेबलावर आहे. रोज चहाचा कप त्याच्या शेजारी ठेवतो. आज त्रेसष्ट वर्षं झाली. मंजिरीची आंघोळ झाली, ती खिडकीशी बसली आहे. आता लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत.

पाणी तू तुझ्या नावावर घेऊ नकोस. ते तुझं नाही. आई माझ्यामुळे उतरली.

तुला आठवतं ते बरोबर आहे. जागा दोन होत्या. आई आणि तू दोघी चढलात. मला घेणार नव्हते, म्हणून ठरलं होतं की मी देशपांडेकाकांबरोबर आणि इतर पुरुषांबरोबर चालत यायचं. आदल्या दिवशी झाडाखाली बसून आईनं मला सगळं समजावलं होतं. मी हो म्हणालो होतो. चौदा वर्षांचा होतो, नाना गेले होते, मी स्वतःला घरातला कर्ता समजत होतो.

मैदानावर दोर बांधला होता आणि आम्हाला त्याच्या अलीकडे थांबवलं होतं. तिथून विमानाचं दार वीस-पंचवीस पावलांवर. हल्ल्याच्या भीतीनं ते लोक एंजिनं बंदच करत नसत. उतरलं की सामान फेकायचं, माणसं चढवायची आणि निघायचं. पंखे फिरत होते, धुळीनं समोरचं दिसत नव्हतं. तुम्ही दोघी दारातून आत गेलात, आणि त्या क्षणी माझं अवसान गळालं. मी दोराखालून पुढे जायला लागलो. एका शिपायानं मला कमरेला धरलं. मी ओरडलो, "आई, मला टाकून जाऊ नकोस." एकदा नाही. किती वेळा ते माहीत नाही.

मग ती दारात दिसली. तिनं उंबऱ्यावर बसून खाली अंग सोडलं आणि मातीत पडली. वरून कुणीतरी तिला परत ओढायला हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. दार लागलं. ती माझ्याकडे आली आणि तिनं मला गच्च धरलं. तिचे दात वाजत होते. उन्हाचे दिवस होते.

दुसऱ्या दिवशी त्या मैदानावर काय झालं ते तुला माहीत आहे. त्यानंतर यायचं विमान आलंच नाही.

आम्ही सात मेला निघालो आणि हुकाँगच्या खोऱ्यातून सव्वीस दिवस चाललो. पंधरा तारखेनंतर पाऊस. पोटरीपर्यंत चिखल, त्यात माणसं बसलेली असायची आणि दुसऱ्या दिवशी तशीच असायची. आई पुढे चालायची, मी मागे. ती बोलत नसे. एकदा नदी ओसरायची वाट बघत बसलो होतो, तेव्हा मी तिला विचारलं, "आई, तू का उतरलीस?" ती म्हणाली, "मला नाही बसवलं रे त्यात." एवढंच. मला वाटलं, माझ्या मनाला लागू नये म्हणून म्हणते. पुन्हा विचारलं नाही.

शेवटी एका गावात पोचलो. पुढचा रस्ता पावसानं तुटलेला, म्हणून तिथेच हजारो माणसं अडकली. विमानं येऊन वरून तांदळाची आणि डाळीची पोती टाकत. त्यावर सगळे जगले. पोत्याखाली कुणी सापडलं तर मरत असे, तरी लोक धावत. आईला तोवर ताप भरला होता. विमानाचा आवाज आला की ती आम्ही झोपायचो त्या बांबूच्या मचाणाखाली सरपटत जायची आणि कान झाकून घ्यायची. मी सांगायचो, आई, हे आपलंच आहे, तांदूळ टाकतंय. ती म्हणायची, असू दे. तापाच्या भरात होती. सोळा जूनला गेली. मी आणि देशपांडेकाकांनी तिला पुरलं, जाळायला सुकं लाकूड नव्हतं. मी ऑक्टोबरपर्यंत तिथेच होतो, वाट उघडेपर्यंत.

मामाकडे आलो तेव्हा तू दारात उभी होतीस आणि माझ्या मागे बघत होतीस. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, एकच जागा होती. मग तेच राहिलं.

मी विमानात बसत नाही म्हणून तुम्ही सगळे इतकी वर्षं थट्टा केलीत. बोटीनं इथे आलो आणि परत गेलो नाही. मामा गेला तेव्हाही नाही. भीती म्हणालात, म्हणू दिलं. मला भीती नव्हती. त्या दारातून आत जाण्याचा हक्क मला नाही असं वाटायचं, इतकंच.

तुला पंचेचाळीस वर्षं हे ओझं वाहावं लागलं ते मी गप्प राहिलो म्हणून. हेही माझ्याच खात्यात.

शशिधर


हाउन्सलो
२० जून २००५

प्रिय दादा,

इतके दिवस उत्तर दिलं नाही म्हणून तू काय काय समजला असशील. मी रागावले नाही. तुझं पत्र वाचून दोन दिवस पडून राहिले, मग रश्मीकडे गेले. तिला सगळं सांगितलं, तनिषालाही. न विचारता सांगितलं, त्याचं काय ते मला बोल.

तनिषानं सगळं ऐकून घेतलं आणि आठवड्यानं ती म्हणाली की केंब्रिजच्या बाजूला एका जुन्या एअरफील्डवर युद्धातल्या विमानांचा मेळावा असतो, तिथे एक डकोटा आहे, आत चढता येतं. मला जायचं नव्हतं. मी म्हटलं, मला आता काही बघायचं नाही. पण तिनं गाडी आणली आणि मी बसले. नाही म्हणत राहायलाही जोर लागतो.

दादा, केवढंसं आहे ते. माझ्या मनात ते आगगाडीएवढं होतं. उभं असतं तेव्हा शेपूट जमिनीला आणि नाक वर. आत शिरल्यावर चढण चढल्यासारखं पुढे जावं लागतं. दोन्ही बाजूंना पत्र्याचे बाक, आणि खिडक्या पाठीमागे. वर पत्र्याखालच्या सगळ्या बरगड्या दिसतात. मी डाव्या बाकावर बसले. तनिषा शेजारी बसायला आली आणि तिनं सहज माझ्या डाव्या दंडाला हात लावला.

तेव्हा मला ते आठवलं. मी कधी विसरलेही नव्हते, पण याच्याशी जोडलं नव्हतं. आसामातून पुढे कलकत्त्याला पोचल्यावर श्यामलाकाकूनं माझ्या डाव्या दंडाला हळद लावली होती. तिथे चार चंद्रकोरी होत्या, नखांच्या, रक्त आलेल्या. काकूनं विचारलं, हे कुणी केलं गं? मी म्हटलं, आईनं. काकूनं वरून फडकं बांधलं.

आई माझ्या शेजारी बसली होती आणि तिनं माझ्या दंडात नखं रुतवली होती, दादा. तिचा हात ओला गार होता. माझ्याकडे ती बघतही नव्हती, समोरच्या पत्र्याकडे बघत होती. मी पाणी, पाणी म्हणत होते ते तिला ऐकू गेलं असेल असं मला आता वाटत नाही.

आणि हे माझं वाटणं नाही. दुपारी त्यांनी त्या विमानाची एंजिनं सुरू करून दाखवली. आम्ही दोराच्या मागे उभ्या होतो, अंदाजे तू सांगतोस तेवढ्याच अंतरावर. तनिषा माझ्या खांद्याला चिकटून काहीतरी ओरडत होती आणि मला तिचे फक्त ओठ हललेले दिसत होते. नंतर तिथल्या एका वयस्क माणसाला मी विचारलं. त्यानं वीस वर्षं त्या विमानांवर मेकॅनिकचं काम केलेलं. मी विचारलं, एंजिनं चालू असताना बाहेरून कुणी हाक मारली तर आत बसलेल्याला ऐकू येईल का? तो म्हणाला, "बाई, शेजारी बसलेल्याच्या कानात ओरडलात तरी येणार नाही." मी त्याला पुन्हा विचारलं. तो तेच म्हणाला.

तेव्हा तू ओरडलास हे खरं असेल. पण तिनं ते ऐकलं नाही. तुझ्या हाकेआधीच ती उठली असेल, किंवा नंतर, पण हाकेनं नाही. महिन्यापूर्वी विमानांनी नानांना मारलं होतं आणि तिला त्याच आवाजाच्या पोटात नेऊन बसवलं. तिला ते सोसलं नाही. तिनं तुला नदीकाठी खरं तेच सांगितलं, मला नाही बसवलं त्यात. आणि तू लिहितोस ते मचाणाखाली जाणं, ते तापामुळे नव्हतं, दादा. ती घाबरत होती.

मला वाटलं होतं की हे कळल्यावर मी हलकी होईन. झाले, थोडी. मग घरी येताना मोटरवेवर दुसरी बाजू डोक्यात आली आणि ती तुलाही सांगायला हवी. आई तुझ्यासाठी उतरली नसेल आणि माझ्या पाण्यासाठीही नसेल, तर ती मला तिथे ठेवून उतरली. नुसती भीतीनं. सात वर्षांची मुलगी बाकावर सोडून. तुझं ओझं उतरवताना माझ्या वाट्याला हे आलं. तीन दिवस मला तिचा राग आला होता. या वयात आईचा राग येणं कसं दिसतं ते तुला सांगायला नको.

मग हिशेब केला. आई तेव्हा एकतीस वर्षांची होती. माझी तनिषा सव्वीसची आहे. तिला अजून कौन्सिलचं साधं पत्र आलं तरी ती आईला फोन करते. माझी रश्मी सत्तेचाळीसची. त्या दोघींपैकी कुणी घाबरून असं काही केलं असतं, तर मी रागावले असते का? मी तिला जवळ घेतलं असतं. मला चहा करून देणं, पांघरूण देणं एवढंच सुचलं असतं. द्वारका नावाची ती बाई आता माझ्याहून चाळीस वर्षांनी लहान आहे. तिनं केलं ते केलं. मला चालेल.

लायब्ररीची पुस्तिका अजून छापली नाही, उशीर झालाय. तनिषा म्हणते, चार ओळींची जागा आहे. तुझ्या परवानगीशिवाय मी देणार नाही.

ऑगस्टमध्ये मी वॉटफर्डला जाते आहे. ठरवलं.

तुझी,
सुमन


मँचेस्टर
४ जुलै २००५

चि. सुमन,

पत्र मिळालं. उत्तराला वेळ लागला.

तू म्हणतेस तसं असेल. मला त्रेसष्ट वर्षांची सवय आहे, ती एका पत्रानं जायची नाही. सकाळी उठलो की पहिल्यांदा अजूनही तेच वाटतं. मग तुझा तो मेकॅनिक आठवतो. मीही त्याच धुळीत उभा होतो, मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी ते कधी तिच्या बाजूला उभं राहून पाहिलं नाही.

मला जास्त लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटते. ती धुळीतून माझ्याकडे आली तेव्हा तिचे दात वाजत होते. मी तिच्या शेजारी सव्वीस दिवस चाललो, चौदा दिवस तिच्या उशाशी बसलो. पुढे मी डॉक्टर झालो, हजारो घाबरलेली माणसं तपासली, हात धरून कळायचं मला. आणि ती घाबरली असेल, हे मला एकदाही सुचलं नाही. आई घाबरत नाही असं वाटायचं ते वय होतं. त्यानंतर मी वाढलो, माझ्या डोक्यातली ती वाढली नाही.

काल मंजिरीला भरवताना हे सगळं सांगितलं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, तिला माहीत नव्हतं. तिला आता मोजकेच शब्द येतात. तिनं डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि म्हणाली, "बिचारी." माझ्याबद्दल म्हणाली असती तर "बिचारा" म्हणाली असती. एवढं व्याकरण तिचं शाबूत आहे.

वॉटफर्डला जातेस ते बरं करतेस. कपाटं रश्मीला आवरू दे.

पुस्तिकेसाठी लिहून घे. नाव, द्वारका. वय एकतीस. बॉम्बहल्ल्यात नवरा गेला. महिन्यानं सुटकेचं विमान मिळालं, मुलीला घेऊन त्यात बसली, घाबरली आणि उतरली. मग मुलाबरोबर पावसात सव्वीस दिवस चालली.

चार ओळींत बसतं. एकही शब्द बदलू नका.

शशिधर